डब्याला कान नव्हता

मी फक्त माईक आणायला गेले होते. दुसरं काही घरी आणायचा माझा विचार नव्हता.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला माणूस हसून म्हणाला, "ताई, तुम्ही शिवणकाम करता ना? मग माईक कशाला? गाणी म्हणणार की काय?" मी म्हटलं, "तू पिशवी दे, सल्ला नको."

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण फोनवर व्हिडिओ बघून बघून कॉम्प्युटर उघडायला मी शिकले. एका ऑफिसाने भंगारात काढलेला डबा घरी आणला, झाडला, पुसला, आत नवीन डिस्क घातली. आता त्यातून आमच्या टीव्हीवर गाणी लागतात, सिनेमे लागतात. पॅन्टची चेन कशी बदलायची त्याचा व्हिडिओ मी नेटवर टाकला, तर तो इतक्या लोकांनी पाहिला की नणंदेच्या पोटात दुखायला लागलं. तेव्हापासून मी 'इंजिनीयरबाई'.

माईक सासऱ्यांसाठी होता. ते घड्याळं दुरुस्त करायचे. आजारपणात दोन्ही कान गेले, कानात घालायच्या यंत्राचाही उपयोग झाला नाही. ऐकू येईना म्हणून त्यांनी बोलणं सोडलं. मग जेवण सोडलं. ताट पुढे ठेवलं की भिंतीकडे तोंड करून बसायचे. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, जगायची इच्छाच उरलेली नाही. नणंदेने फोनवर निकाल लावून टाकला, "रविवारी येते आणि बाबांना वृद्धाश्रमात नेते. तिथे नर्स असतात. नळीने का होईना, पोटात जाईल तरी."

नळीने! माझ्या घरातून माणूस नळी लावायला जाणार? मी जिवंत आहे अजून.

बोललेलं ऐकून लिहून दाखवणारा एक प्रोग्राम फुकट मिळतो. तो मी डब्यात घातला. माईक फळीवर ठेवला, वायर डब्याच्या मागे खुपसली आणि सासऱ्यांना टीव्हीसमोर बसवलं. "बाबा, चहा देऊ?" टीव्ही काळाच. गाणं म्हणून पाहिलं, टाळ्या वाजवून पाहिल्या. दुपार सरली तरी एक अक्षर नाही. शेवटी डब्याच्या टाळक्यात चापट मारली आणि ओरडले, "कान फुटलेत का मेल्या तुझे!"

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं हळूहळू उमटली. *कान फुटलेत का मेल्या तुझे.*

सासऱ्यांनी वाचलं. ओठाचा कोपरा किंचित हलला. मला तेवढं पुरे होतं.

मग सगळंच लिहून यायला लागलं. आमचे हे प्लंबर आहेत; ते दारातून कुरकुरत आले की त्यांची कुरकुर टीव्हीवर. एकदा मी स्वयंपाकघरात, नळ सोडून, तोंडातल्या तोंडात म्हटलं, "हट्टी म्हातारा." बाहेर येऊन बघते तर टीव्हीवर 'हट्टी म्हातारा', आणि सासरे माझ्याकडे डोळे बारीक करून बघतायत! मी जीभ चावली. माईक फारच चांगला निघाला, असं मला वाटलं. जेवत मात्र ते अजून नव्हते.

त्यानंतरची ती दुपार. आभाळ भरून आल्यामुळे खोलीत संध्याकाळसारखा अंधार होता. घरात आम्ही दोघंच. सासऱ्यांपुढे ताट, मी मशीनमध्ये दोरा ओवतेय. दोऱ्याचं टोक माझ्या ओठांत, म्हणजे तोंड बंद. बाहेर रस्ताही गप्प होता. ओल्या कापडावर तापलेली इस्त्री फिरवली की येतो तसा वास आला. मी वळून पाहिलं. माझी इस्त्री गार होती.

टीव्हीवर अक्षरं उमटली. *जेवून घ्या.*

मी बोलले नव्हते...

*ताट गार होतंय. दोन घास तरी...*

सासऱ्यांनी बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहिलं. मग हात धुतले आणि जेवायला लागले. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. मी दोरा ओठांत धरून उभीच.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे आवाज खाली आणून म्हणाले, "बंद कर तो डबा."

"बाबा जेवले."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"तुमच्या आईच्या. आणखी कोण येणार सांगायला?"

सासूबाईंना मी कधी पाहिलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा त्या भिंतीवर फोटोत होत्या, आणि हे शाळेत जायच्या आधीपासूनच तिथे होत्या. आम्ही दोघांनी फोटोकडे पाहिलं. हे अगदी हळू म्हणाले, "आई...?" टीव्हीवर ते उमटलं. खाली उत्तर काही आलं नाही.

शुक्रवारी मी डब्यामागची धूळ काढायला वाकले, आणि हात तिथेच थांबला. डब्याच्या मागे दोन भोकं असतात, गुलाबी माईकचं आणि हिरवं स्पीकरचं. माझी वायर हिरव्यात होती. घाईत मीच खुपसली होती, पहिल्या दिवसापासून. म्हणजे डब्याला कान नव्हताच. त्याला माझं ओरडणं, यांची कुरकुर, नळाखालचं पुटपुटणं, काहीच ऐकू गेलं नव्हतं. तरी एकेक शब्द लिहून आला होता... दुसऱ्याच कोणीतरी ऐकून.

वायर उपटून हातात धरली आणि मान वर केली.

*हळू. धूळ नाकात जाईल.*

ही अक्षरं सासऱ्यांसाठी नव्हती, ते तर पलंगावर झोपले होते. वायर गुलाबी भोकात घालून मोकळं व्हावं, असं मनात आलं. पण मग हे ऐकणारं माणूस निघून गेलं तर? रविवार परवावर आला होता. मी वायर परत हिरव्यातच घातली आणि रिकाम्या खोलीला बजावलं, "कोण असाल ते असा. पण अर्ध्यात सोडून गेलात तर माझ्याशी गाठ आहे."

रविवारी नणंद मोठी रिकामी बॅग घेऊन आली. "इंजिनीयरबाई, बाबांचे कपडे भरा."

टीव्हीवर लगेच आलं. *इंजिनीयरबाई, बाबांचे कपडे भरा.*

सासऱ्यांनी वाचलं. मग इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं, ते बहिऱ्या माणसासारखं, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं, "भरायचेच असतील तर तुझे भर आणि राहायला ये! मी कुठे जात नाही. आणि सूनबाई, भूक लागलीय!"

नणंद बॅगेवरच बसली आणि हमसून रडायला लागली. मग दोघं बोलत राहिली, ती तोंडाने, ते टीव्ही वाचून. भांडलीसुद्धा. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "वहिनी, माझ्या घरी बसवून देशील असलं एक?"

"बघू, वन्सं," मी म्हटलं. काय बसवून देणार होते मी?

ती गेल्यावर सासऱ्यांजवळ बसले. म्हटलं, "बाबा, सासूबाईंनी राखलं तुम्हाला."

त्यांनी वाचलं आणि खो खो हसले. "ती? ती मला जेवा म्हणणार? अगं, ती आधी स्वतः जेवून भांडी घासून मोकळी व्हायची. वर म्हणायची, हात मोडलेत का, वाढून घे." मग डोळे पुसत म्हणाले, "ही दुसरीच कोणीतरी आहे. पण मायाळू आहे हो." आणि सोफ्यावर जरा सरकून त्यांनी पलीकडे जागा करून दिली. माझ्या बाजूला नाही.

आता ते दोन्ही वेळा जेवतात. शेजाऱ्यांची घड्याळं उघडून बसतात, माझ्या व्हिडिओत मध्येच तोंड घालतात. डबा मी बंद करत नाही आणि वायरीला हात लावत नाही. माझ्या घरातला माणूस जगतोय, मला आणखी काय पाहिजे?

आमचा प्रत्येक शब्द टीव्हीवर येतो. वरच्या मजल्यावरचं भांडणसुद्धा येतं. मी रोज दुपारी मशीनवर बसले की एकदा मोठ्याने विचारते, "बाई, तू कोण गं?"

तेवढं एक वाक्य आजवर कधी उमटलेलं नाही.