आत्यासाठी पहारा

बारच्या लांबलचक काउंटरला उंच स्टुलं चांगली दहा-बारा होती, पण दोघांचा हात पडला तो एकाच स्टुलावर.

"मी आधी आले," ती म्हणाली.

"मान्य. पण... शेजारचंही रिकामंच आहे."

"मग तुम्ही बसा की तिथे."

"तिथून मध्ये खांब येतो," तो जरा ओशाळून म्हणाला.

खांब तिलाही नकोच होता. त्या खांबापलीकडे, कोपऱ्यातल्या लाल गुबगुबीत बाकावर तिची सख्खी आत्या बसली होती, आणि तिच्यावर नजर ठेवायची म्हणून तर ही बाई दवाखान्याला दुपारची सुट्टी देऊन आली होती. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. केस ओलसर, खांद्याला बॅग, आणि नजर... नजर थेट त्याच कोपऱ्यात.

"आत्यासमोर बसलेत ते... तुमचे कोण?" तिने विचारलं.

"काका. म्हणजे त्या तुमच्या आत्या?"

दोघांनाही हसू आवरेना. मग त्याने शेजारचं स्टूल खांबाच्या अलीकडे ओढून घेतलं. जागा कमीच होती, कोपराला कोपर लागत होतं. पण कुणी तक्रार केली नाही.

आत्या छप्पन्न वर्षांची. रंगांचं दुकान एकटीच्या हिमतीवर चालवलेलं, लग्नाचा विषय निघाला की गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून उठणारी. मैत्रिणीने हे विधुर स्थळ सुचवलं तेव्हा कुणास ठाऊक कशी, तयार झाली. अटी दोनच – ओळखीचं कुत्रंही फिरकणार नाही अशा ठिकाणी भेटायचं. आणि भाची लांब बसून हवी. म्हणून पुतण्याने काकांना हा अमेरिकन थाटाचा कॉकटेल बार सुचवला होता. उघड्या विटांच्या भिंती, रंगीत नळ्यांची लुकलुकणारी अक्षरं, आणि भर दुपारी असा अंधार की आत्या मेनूवर मोबाइलचा उजेड पाडून वाचत होती.

"गाणी जरा हळू असती तर काहीतरी ऐकू आलं असतं," तो म्हणाला.

"मला दिसतंय की, काय बोलतायत ते."

"दिसतंय?"

"मी कानाची यंत्रं बसवते. दिवसभर कमी ऐकू येणाऱ्या माणसांत असते, ओठांवरून थोडंफार कळायला लागलंय."

तो पोहायला शिकवायचा. पाण्याखाली कुणी काही बोलत नाही, तेव्हा आपल्याला ही विद्या कधी लागलीच नाही, असं तो म्हणाला, आणि ती खळखळून हसली. तेवढ्यात बर्गर आले. एकेक वीतभर उंच.

"हा खायचा कसा?"

"आधी नमवायचा." त्याने वरून तळहाताने बर्गर हलकेच दाबला, तसा सगळा सॉस बाहेर. तिने पहिला घास घेतला आणि सॉस कुठे लागलाय ते त्याने आपल्याच हनुवटीला बोट लावून दाखवलं. तिला उशिरा कळलं. कळलं तेव्हा कानापर्यंत लाल झाली.

"बोला ना, काका काय म्हणतायत?"

काका खरं तर आपल्या गोळ्यांच्या वेळा सांगत होते. सकाळची उपाशीपोटी, दुपारची जेवणानंतर. हे कसं सांगायचं?

"म्हणतायत... तुमचं हसणं फार छान आहे."

"काका? शक्यच नाही."

"बरं, काकांच्या जागी तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात?"

त्याने कोपऱ्याकडे पाहिलंच नाही. "हेच," तो म्हणाला.

ती बटाट्याचे तुकडे उगाच इकडचे तिकडे करत बसली. यांचं जमलं तर आपण एकमेकांचे कोण लागणार, याचा हिशोब दोघांनी मिळून केला. आत्याच्या नवऱ्याचा पुतण्या. म्हणजे लांबचाच. "सोयीचा लांबचा," तो म्हणाला. यांचं जमलं तर तो रविवारी काकांकडे येणार, ती आत्याकडे. जमू दे रे बाबा, ती मनातल्या मनात म्हणाली, आणि ते आत्यासाठी म्हणाली नव्हती, हे तिचं तिला कळलं.

इतक्यात आत्या उठली आणि जाता जाता भुवई उडवून गेली. भाची मागोमाग बायकांच्या प्रसाधनगृहात शिरली.

"माणूस वाईट नाही गं चिमणे," आत्या बेसिनला टेकून म्हणाली. "पण दुकान कधी बंद करणार, म्हणून विचारतोय. त्याच्याकडे बघायला माणूस हवंय. काही सुचत नाही मला. एकटं म्हातारं व्हायची भीतीही वाटते. तू सांग. तू हो म्हणालीस तर हो म्हणते."

एक 'हो'. तेवढंच तर म्हणायचं होतं. सगळे रविवार तिच्या डोळ्यांपुढून सरकून गेले. नळ उघडून तिने उगाच हात धुतले.

"दुकान बंद करशील?"

आत्याने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"नुसतं नाव काढलं तर तुझं तोंड उतरलं, आत्या. नको म्हण. सरळ नको म्हण."

"खरं सांगतेस?"

"खरंच."

आत्याचा जीव भांड्यात पडला. तिने भाचीला जवळ घेतलं, मग लांब धरून निरखलं. "अगं, नको मी म्हणणार, आणि डोळ्यांत पाणी तुझ्या?"

"कांदा होता बर्गरमध्ये," ती म्हणाली.

काकांनी नकार शहाण्या माणसासारखा घेतला. आत्याने चार शब्द गोड बोलून निरोप घेतला. चौघं बाहेर आले तेव्हा एवढं ऊन होतं की सगळ्यांनी डोळे बारीक केले.

"बरं... येतो मग," तो म्हणाला.

"हो. या."

तो काकांबरोबर चालू लागला. आत्याची टॅक्सी आली, आत्या आत बसली. दिवसभर लोकांचं ऐकून घेणारी ही, स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. आजही चिकटली होती.

"अहो... थांबा."

तो वळला.

"आत्याला नको म्हणायला मीच सांगितलं."

"बरोबर केलंत. काकांना मदतनीस हवीय. ते माझं काम आहे, मी बघतो."

"पण सांगताना जिवावर आलं होतं. तुमच्यामुळे. आता आपण एकमेकांचे कुणी लागत नाही. भेटायला निमित्तही नाही. मला तरी भेटायचंय."

त्याने पुढे गेलेल्या काकांकडे पाहिलं. तिला वाटलं, संपलं.

"हे मीच बोलायला हवं होतं," तो हळूच म्हणाला. "बोललो नाही म्हणून आत्ता चालताना स्वतःला शिव्या घालत होतो. उद्या दुपारी येशील?"

"उद्या दवाखाना आहे."

"मग परवा."

"उद्याच," ती म्हणाली. "दवाखाना उशिरा उघडेन."

मागे टॅक्सीचं दार अजून उघडंच होतं. आत्याने एकदा दोघांकडे पाहिलं, दार आतून ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला. ती नाही यायची."