मागे राहिलेल्याचं काव्य

छापील मजकूर संगणकावर नीट उतरला आहे का, हे तपासायची आमच्या ग्रंथालयातली पद्धत जुनी होती. एकानं पुस्तकातून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर ताडून बघायचं. डोळा चूक झाकतो, कान झाकत नाही. दर सर्गानंतर दोघांनी खुर्च्या बदलायच्या, म्हणजे एकाचाच घसा बसत नाही.

माझ्या जोडीला मुद्रितशोधक काका होते. पहिलं महाकाव्य आम्ही तीन आठवड्यांत संपवलं. ते कुणाला ठाऊक नाही? कोठडीत डांबलेला संत, देवाच्या कृपेनं उघडलेलं दार, बाहेर लोकांचा जयजयकार. त्याच कवीनं उतारवयात लिहिलेलं दुसरं काव्य मात्र एकदाच छापलं गेलं. आमच्या प्रतीची जोडलेली निम्मी पानं तर संगणकावर उतरवायला घेतल्यावरच पहिल्यांदा कापली गेली; तोवर ती कुणी वाचलीच नव्हती. संत बाहेर पडला तेव्हा कोठडी रिकामी राहू नये म्हणून आत कोण बसलं, एवढीच त्याची गोष्ट.

"लोकांना सुटलेला माणूस आवडतो," काका म्हणाले. "मागे राहिलेल्याचं कौतुक कोण करणार?"

त्या दिवशी आठ सर्गांपैकी सहा उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मला परगावच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. नाही पोचले, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. काम पुरं झाल्याचा दाखला घ्यायचा, पाचला ताई न्यायला येणार, साडेसहाची गाडी.

तिसऱ्या सर्गात कोठडीचं वर्णन आलं. खिडकीला सात गज, चौथा वाकलेला. मी सहज मान वळवली. आमच्या खिडकीचा चौथा गज वाकलेला होता.

योगायोग. सातांत एक गज वाकलेला असणं काही जगावेगळं नाही. मग दाराजवळची फुटकी फरशी आली, पावलाच्या आकाराची. तीही होती. पुस्तक सव्वाशे वर्षांचं, इमारत जेमतेम चाळीस.

पाचव्या सर्गात कोठडीची लांबी होती: अकरा हात. मी उठून भिंतीलगत हातानं मोजलं. साडेबारा भरले. हायसं वाटलं.

"माझ्या हातानं मोज ना," काका म्हणाले.

अकरा भरले.

"काका, तुम्ही इथं किती वर्षं आहात?"

"शास्त्रज्ञ बाई, घरी शेवटचा कधी गेलो होतो ते विचारा."

मी हसले. ते हसले नाहीत.

सातवा सर्ग मी वाचला. तो संपला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. काका खुर्ची बदलायला उठले, चष्मा पुसू लागले.

"राहू द्या काका, शेवटचाही मीच वाचते. तुम्ही दर कडव्याला पाण्याचा घोट घेणार आणि माझी गाडी चुकणार."

"आता नंबर माझा आहे."

"मी वाचते म्हटलं ना!"

"तू आपणहून म्हणालीस हं," ते फार हळू म्हणाले. "मी सांगितलं नाही."

मी वाचायला लागले. अकराव्या कडव्यात पहारेकरी संताला म्हणतो, तू जा, तुझ्या जागी मी बसतो.

काका पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते कडवं पुरं केलं, तसे ते उठले आणि तरण्या माणसासारखे ताठ चालत बाहेर गेले. दार उघडंच राहिलं.

ही ओळ संपली की थांबायचं, मी ठरवलं.

ओळ संपली. पुढची आधीच जिभेवर होती.

उठायचा प्रयत्न केला. पाय माझं ऐकत नव्हते.

शेवटचं पान उलटलं. त्यामागे आणखी एक पान होतं.

पाच वाजले. जिन्यावर ताईच्या चपला वाजल्या.

ती दारात थांबली. सरळ माझ्याकडे बघत होती.

"माफ करा हं, काका. माझी धाकटी बहीण इथं काम करते. ती गेली का?"

'ताई' म्हणायला मी तोंड उघडलं. पुढचं कडवं बाहेर पडलं.

ताईनं क्षणभर ऐकलं. मग अदबीनं मान लववली आणि वाचनात व्यत्यय नको म्हणून दार अलगद ओढून घेतलं.