तिसऱ्या हाकेले ओ

मासोळ्या धरणाऱ्या मनसारामचा पोरगा विमानात बसला, ही गोष्ट अजूनही काही लोकांना थाप वाटते. वाटू द्या. हा पोरगा, प्रफुल, तालुक्याच्या मूल गावातल्या एका राइस मिलमध्ये फिटर होता. मालकाच्या ओळखीनं आफ्रिकेत एक नवी मिल बसवायचं काम निघालं आणि पोरगा चालला दार-ए-सलामला. गावानं त्या शहराचं नाव पहिल्याच दिवशी दारूसलाम करून टाकलं. ज्याच्या तोंडाला कधी थेंब लागला नाही असा भजनी म्हातारासुद्धा विचारायचा, "मनसारामभाऊ, पोट्टा येतानी थोडी आणन का तिकडची?"

मनसाराम हसायचा नाही. माणूस तसाही हसण्याच्या बाबतीत कंजूष. त्याच्या जिवाला घोर होता तो फोनचा.

जायच्या आधी प्रफुलनं बशीरभाईच्या दुकानातून बटणांचा साधा फोन आणला होता. बापाला ओट्यावर बसवून शिकवत होता, जसं कोणी बैलाला पाटी-पेन्सिल द्यावी.

"हिरवं बटन दाबलं का माह्या आवाज येते. लाल दाबलं का जाते. झालं."

"मी नाई दाबत."

"काऊन?"

"वाजलं का ओ द्या लागते. हाक कोण मारून राह्यला, त्याचं तोंड दिसते का याच्यात?"

तुम्ही शहरातले असाल तर हसाल. पण त्या गावात लहान लेकरालाही ठाऊक असतं, की दिवेलागणीला किंवा भर दुपारी बाहेरून कोणी नावानं हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. पहिली हाक जाऊ द्यायची. दुसरीही जाऊ द्यायची. तिसरी आली तर समजायचं माणूस आहे, मग उठायचं. जो माणूस नसतो त्याला तिसरी हाक जमत नाही. त्याला नाव काय, असं विचाराल तर जुन्या लोकांनी नाव ठेवलंच नाही. नाव ठेवलं की ओळख होते, आणि ओळख झाली की येणंजाणं सुरू होतं.

मनसारामची बायको गोकुळा, प्रफुलची माय. काही वर्षांमागं एका दुपारी ती अंगणात मासोळ्या साफ करत बसली होती. तलावाकडून नवऱ्याची हाक आली. बाई गडबडीची, पहिल्याच हाकेला "आली जी" म्हणून उठून गेली. मनसाराम त्या वेळी मूलच्या बाजारात टोपली घेऊन बसलेला. संध्याकाळी लोकांनी तिला तलावातून काढलं, तेव्हा तिच्या चपला पाळीवर, तलावाच्या बांधावर, होत्या. जोडीनं, नीट, देवळाबाहेर ठेवाव्या तशा.

आणि गंमत अशी, की गावात फोनला रेंज मिळते ती फक्त त्या तलावाच्या पाळीवर. घरात फोन म्हणजे साबणाची वडी. प्रफुल म्हणाला, "बाबा, सांजच्याले जरासे पाळीवर जाऊन उभे राहत जा, मी फोन लावीन."

मनसारामनं फोन उचलून पोराच्या हातात परत ठेवला. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "बरं. पण घरात ठेवा तं खरं."

पोरगा गेला. मनसारामनं फोन जाळ्याच्या दोऱ्यानं घट्ट गुंडाळला, त्याला आपली गाठ मारली आणि धान साठवायच्या ढोलीत हातभर खोल पुरून टाकला. ती गाठ त्याच्या बापानं शिकवलेली. गावात दुसऱ्या कोणाला मारता येत नव्हती. पोराची खुशाली शेजारच्या रुखमाबाईच्या फोनवर कळायची, तीही रुखमाबाईला वेळ असला तर. आणि तिला वेळ फक्त दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टींसाठी असायचा.

हिवाळा लागला. एक दिवस रुखमाबाई पाळीवरून आली ती ओठ दाबून हसतच.

"मनसारामभाऊ, लय छुपे रुस्तम हो तुमी."

"का झालं?"

"पोट्ट्यानं सांगतलं मले. म्हणे, काकी, बाबा आता रोज बोलते माह्याशी. पहिल्याच घंटीले उचलते. आणि आमच्यासमोर म्हणता, मी हात नाई लावत."

मनसाराम जाळं शिवत होता. सुई थांबली.

"मी नाई बोललो."

"लाजता कायले बाप्पा? पोराशीच तं बोलता."

ती गेल्यावर त्याला पहिला संशय तिचाच आला. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मग तिच्या नवऱ्याचा, कारण तो गणपतीतल्या नाटकात साऱ्या गावाचे आवाज काढायचा. मग बशीरभाईचा, कारण फोन त्याच्याच दुकानातला. त्यानं त्या संध्याकाळी मनातल्या मनात अर्ध्या गावाला चोर केलं. मग उठून ढोलीत हात घातला.

वरचं धान कोरडं खडखडीत होतं. हात खोल गेला तसं ते गार लागत गेलं, मग ओलं. फोन वर काढला. दोरा होता तसाच, गाठ होती तशीच, कोणी सोडलेली नव्हती. पण फोनभोवतीच्या धानाला कोंब फुटले होते, पांढरे, बोटाच्या पेराएवढे. आणि वास येत होता तो तलावातल्या गाळाचा.

दुसऱ्या दिवशी तो मूलला गेला. बशीरभाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "भाऊ, याची बॅटरी तं कधीच मेली. अन् हे का, फोन पाण्यात बुडवला का तुमी?" त्यानं मागचं झाकण उघडलं, तसं काउंटरवर चमचाभर पाणी सांडलं. हिरवट. त्यात शेवाळाचा एक धागा.

"ढोलीत होता," मनसाराम म्हणाला.

"तं ढोली तलावात ठेवली असन," बशीरभाई हसला. मग मनसारामचं तोंड पाहून त्याचं हसू आपोआप विझलं. फोन तिथंच, उघडा, सोडून मनसाराम घरी आला.

आता पोराला सांगणं भाग होतं. रुखमाबाईला घेऊन तो पाळीवर गेला. गोकुळा गेल्यापासून त्यानं त्या पाळीवर फोन सोडा, बिडीसुद्धा ओढली नव्हती. मासोळ्या धरायचा त्या पलीकडच्या काठानं. ऊन उतरलं होतं. पाणी तेलासारखं थांबलेलं. रुखमाबाईनं फोन लावून त्याच्या कानाशी धरला. जन्मात पहिल्यांदा.

"हालो, काकी?"

"मी आहो. तुह्या बाप."

पलीकडून पोराचा आवाज आला, जरा जपून. "कोण बोलून राह्यलं?"

"सांगतलं नाई का, तुह्या बाप."

"बाबाशी तं आत्ताच बोललो मी. इतक्यात ठेवला त्याईनं."

रुखमाबाईनं हे ऐकलं आणि ती फोनाकडं वाकली. तिनं फोनमध्ये तोंड घालून शपथेवर सांगितलं, "बाप्पा, तुह्या बापच आहे हा, माह्यासमोर उभा आहे." तेव्हा कुठं पोराला पटलं. किंवा अर्धं पटलं. सारखे ते ओटीपी विचारणारे चोर, पोरगा सावध झालेला. बापाचा आवाज चोरणारा चोर त्याला माहीत नव्हता, एवढंच.

"मंग मी रोज कोणाशी…"

"का बोलते तो?"

"सारंच बोलते. मायच्या गोष्टी सांगते. तुमी कधी सांगतल्या नाई अशा." पोराचा आवाज ओला झाला. "मागं पाणी वाजते. मले वाटे, डोंग्यात बसून बोलता. अन् एकच विचारते… कवा येशील. म्हणे, सडकेनं येऊ नको, पाळीवरून ये."

पोरगा येत्या आठवड्यात निघणार होता, आणि बस थांबते तिथून गावाला वाटा दोन: एक सडक, एक पाळ. पाळीची जवळची.

आता इथं मनसारामनं जे केलं ते त्याच्या जागी तुम्हीही केलं असतं. फोनची सवय नसलेला माणूस. त्याला वाटलं, आफ्रिका लांब आहे, समुद्रापलीकडं आहे, हळू बोललं तर पोचणार कसं? त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पलीकडच्या काठावरच्या डोंगेवाल्याला हाकारावं तसा, पाण्याकडं तोंड करून, ओरडून सांगितलं:

"त्याची ओळख धर. तो पहिल्याच हाकेले बोलते. मी कधी बोलीन का पहिल्या हाकेले? तीन हाका मोज. पहिल्या दोन कोणाच्याही राह्यते. तिसरी माणसाचीच. तिसरी आली तं मी, नाई तं तो. ध्यानात ठेव… तिसरी."

सारा तलाव त्यानं भरून टाकला. शब्द पलीकडच्या झाडीला लागून परत आले. "तिसरी… तिसरी…"

"हळू बोला ना भाऊ," रुखमाबाई कानावर हात ठेवून म्हणाली. "फोनमंधी बोलून राह्यले का तलावाले शिकवून राह्यले?"

थांबलेल्या पाण्यावर, अगदी मधोमध, एक वर्तुळ उठलं. मासोळी असेल. मनसारामनं आयुष्यभर मासोळ्यांची वर्तुळं पाहिली होती. हे बाहेर पसरलं नाही. आत आटलं.

प्रफुल येणार त्या दिवशी बस उशिरा आली. मनसाराम सडकेच्या थांब्यावर एकटाच उभा, हातात काठी. त्या भागात सांजेला वाघाची भीती असतेच. पण वाघ बरा, तो निदान नाव घेऊन बोलावत नाही.

बस थांबली, पोरगा उतरला, बस गेली. तिचा लाल दिवा वळणाआड गेल्यावर दोघांच्या मध्ये नुसता काळसर उजेड उरला. धुक्याचा आणि भिजल्या गवताचा वास.

"बाबा?"

मनसाराम गप्प. जन्माची सवय.

"बाबा."

गप्प.

"बाबा…"

"ओ."

पोरगा हसला, पण जवळ आला नाही. बॅग छातीशी धरून उभा राहिला. "तुमीच आहा ना?"

"मंग कोण?"

"नाई… त्यानं काल सांगतलं. म्हणे, सडकेवर माह्या तोंडाचा एक भेटन. त्याच्यासंग येऊ नको."

"काल बोलला तू त्याच्याशी?"

"फोन वाजते तं का करू बाबा." पोराची नजर खाली गेली. "मायचा विषय काढते तो."

मनसारामला त्या क्षणी पोराला जवळ घ्यावं असं वाटलं, दोन शब्द बोलावे, त्याची माय कशी गाणं म्हणत मासोळ्या सोलायची ते सांगावं. पण जीभ हलली नाही. त्याला बोलणं कधी जमलंच नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "चाल. सडकेनं."

तेवढ्यात, रेंज नसलेल्या त्या सडकेवर, पोराच्या खिशात फोन वाजला. काढून पाहिलं तर उजेडात अक्षरं: बाबा.

एकदा वाजून बंद पडला.

दोघं उभेच. पुन्हा वाजला. बंद पडला.

मनसारामनं श्वास सोडला. "पाह्यलं? दोनच. त्याले तिसरी जमत नाई. चाल आता."

त्यानं पोराचा हात धरला. दोघं सडकेनं थोडे चालले. उजव्या हाताला पाळ वर चढत गेली होती, तिच्यावर धुकं आडवं निजलेलं.

फोन वाजला.

तिसऱ्यांदा. आणि वाजतच राहिला.

प्रफुल थांबला. त्यानं फोनकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं. मग हळूच, जसा गरम भांड्यावरून काढावा तसा, आपला हात बापाच्या हातातून काढून घेतला.

"तिसरी माणसाची राह्यते," तो म्हणाला. "बाबानंच सांगतलं मले."

"प्रफुल, आरे मी…"

"मंग तुमी कोण?"

मनसाराम एक पाऊल पुढं आला तसा पोरगा दोन पावलं मागं सरला. फोन कानाला लावला. पलीकडून काय ऐकू आलं कोण जाणे, पण त्याचा चेहरा लहान लेकरासारखा निवळला. तो वळला आणि पाळीची वाट चढू लागला.

मनसारामचे पाय पोराला गाठू शकले नसते. पण गळा होता. जन्मभर तलावावर हाका मारलेला गळा.

"प्रफुल!"

पोरगा चालतच राहिला. बरोबरच होतं. पहिली हाक कोणाचीही असू शकते.

"प्रफुलऽऽ!"

पोरगा थबकला. मान जराशी वळली. तो वाट पाहत होता, शिकवल्याप्रमाणे, तिसरीची. एवढी एक हाक मारली की पोरगा परत फिरणार.

मनसारामनं छाती भरून घेतली, तोंड उघडलं. ओठ हलले. आणि गळ्यातून काही निघेचना. वारासुद्धा नाही. तो जागेवर उभा, तोंड उघडं, काठीवर वाकलेला, आणि तोंडात गाळाची चव.

तिसरी हाक आली. धुक्यातून, पाळीच्या पलीकडून, हुबेहूब त्याच्याच आवाजात, मायेनं भरलेली, जशी त्याला स्वतःला कधी मारता आली नव्हती.

आणि पोरानं ओ दिली.