खोट्या दाराची चोरी

"लल्ला तामू, मी चोर?"

मालेम अब्बास एवढ्या जोरात ओरडला, की बूजमाच्या हातातला पुदिन्याचा चहा अंगावर सांडला. अब्बास गावातला नामांकित सुतार. मालेम म्हणजे उस्ताद, लल्ला म्हणजे बाईसाहेब. तामू बंदरावरच्या जकातीतून निवृत्त झालेली, आता खासगी तपास करणारी. बूजमा तिचा धाकटा दीर, भूगोलाचा माजी मास्तर. तपासात त्याचं काम बरोबर असण्याचं होतं. बरोबर बोलण्याचं नव्हतं.

"काय चोरलंस?" तामूनं विचारलं.

"खोटं दार!"

एस्साविरा या बंदराच्या गावानं सिनेमाच्या पडद्यावर आजवर बगदाद केलं, दमास्कस केलं. स्वतःची भूमिका तेवढी गावाला अजून मिळालेली नव्हती. यंदा ते तुर्कांचं बंदर झालं होतं. सूफी मठाची गल्ली आठवडाभर दोर लावून बंद होती. मठाचं दार अब्बासच्या आजोबांनी घडवलेलं. लढाईच्या प्रसंगात फोडायला म्हणून सिनेमावाल्यांनी त्याची हुबेहूब नक्कल केली. ती पाहून अब्बासनं "चुलीत घालीन हिला" म्हणत गल्ली डोक्यावर घेतली. त्याला गल्लीत पाय टाकायची बंदी झाली. आणि काल, शुक्रवारी, नक्कल नाहीशी झाली.

"संध्याकाळी पोलीस दुकानाला सील ठोकणारेत. माझ्या दुकानाला!"

"ऊठ बूजमा," तामू म्हणाली.

मठाचं दार खांद्याशिवाय उघडत नाही, हे गावात लेकराला चालण्याआधी कळतं. समुद्राच्या दमट हवेनं ते कायम फुगलेलं. बूजमानं सवयीनं खांदा मारला आणि थेट अंगणातल्या कारंज्यात गेला.

"बिजागऱ्यांना तेल घातलेलं दिसतंय," तो निथळत म्हणाला. "एक तरी काम नीट केलं यांनी."

तामूनं दार लोटून घेतलं आणि एकेकाला आत बोलावलं.

पहिला आला नेपथ्यकार लोरेन्झो, इटलीचा. दाणकन आत आला आणि ओल्या बूजमाला मिठी मारूनच थांबला. "माफ करा! मालेमनीच शिकवलं होतं असं ढकलायला."

"तुमची नक्कल जड होती का?"

"छे! पातळ फळी आणि रंग. एक माणूस काखेत मारून नेईल."

दुसरा राखणदार बा हमाद. तोही धडपडला, त्याचा फेटा त्याच्याआधी आत पोचला. "अरेच्चा, दाराला आज झालंय काय?"

"काल गल्लीतून काय बाहेर गेलं, बा हमाद?"

"जुम्म्याच्या नमाजाला मी दोरापाशीच होतो. एक हातगाडी गेली, अन्वरची. सिनेमाच्या फळ्या होत्या, पोत्यात गुंडाळलेल्या. चौघं ढकलत होते, घाम काढला बिचाऱ्यांचा."

शेवटी अन्वर. याच गल्लीत वाढलेला, आता सिनेमावाल्यांचा स्थानिक व्यवस्थापक. एका हातात फोन. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्यानं दार उघडलं, आत आला, हळूच लोटलं.

"लल्ला, कशाला त्रास घेता? अब्बासकाकांनी सगळ्यांसमक्ष धमकी दिली होती. माझंही मन दुखतंय."

"दुखू दे," तामू म्हणाली. "बूजमा, इन्स्पेक्टरना बोलाव. अब्बासलाही."

सगळे जमल्यावर ती उठली.

"खोटं दार चोरीला गेलेलंच नाही. ते इथंच आहे." तिनं चौकटीकडे बोट दाखवलं. "चोरीला गेलंय ते खरं."

अब्बासनं धावत जाऊन दारावर बोटं आपटली.

"वहिनी, पण तेल..." बूजमा म्हणाला.

"तेलानं फुगलेलं लाकूड बारीक होत नाही, बाबा. आज या दारातून तू पडलास, लोरेन्झो पडला, हमाद पडला. तिघांनाही वाटलं, दार नेहमीचंच. नेहमीचं नाही हे ठाऊक होतं एकालाच. याच गल्लीत वाढलेला पोरगा, आणि खांदा न लावता दोन बोटांनी दार उघडतो!"

"घाईत होतो," अन्वर पुटपुटला.

"घाईत माणूस जास्त जोरानं ढकलतो. आणि सिनेमाच्या फळ्या ढकलायला चौघं? खोटं दार एकाच्या काखेत मावतं. बघा इन्स्पेक्टर, यांच्या गोदामात पोत्यात काय आहे ते."

पोत्यात दार होतं. परदेशी शौकिनाला विकायचं ठरलेलं. सिनेमाच्या सामानात गुपचूप बंदराबाहेर जाणार होतं.

"तुझ्या आजीनं या दाराला मेंदीचे हात लावलेत रे!" तामूचा आवाज पहिल्यांदाच चढला, अन्वरवर. मग ती लोरेन्झोकडे वळली. "आणि तुम्ही! फळकुटासाठी तासाभरात पोलीस आणलेत. खरं दार शेजारून गेलं, तर कुणी मान वळवली नाही!"

लोरेन्झोनं चौकटीतलं खोटं दार स्वतः उतरवलं.

अब्बासनं गल्लीतल्यांच्या मदतीनं खरं दार बसवलं. तेवढ्यात दिग्दर्शक कॅमेरा घेऊन धावत आला.

"अप्रतिम! मालेम, पुन्हा एकदा काढून बसवाल? या वेळी डोळ्यांत थोडं पाणी..."

अब्बासनं हात पुसले, आत गेला आणि दार लावून घेतलं. समोरच्या फातिमानं आपलं लावलं. मग न्हाव्यानं, मग पाववाल्यानं. अख्ख्या गल्लीची दारं एकामागून एक लागली.

बाहेर उरलं तेवढं खोटं दार, भिंतीला टेकवलेलं. दिग्दर्शकानं ते उघडून पाहिलं. मागे भिंतच होती.