हाक-अंतर

"तुमच्या वडिलांना आज घरी सोडता येणार नाही, सर," डॉ. रेहाना मुजावर म्हणाल्या.

डॉ. श्रीरंग टिपणीस हसलेच. सकाळी रेहानांनी भालचंद्ररावांच्या हृदयाच्या धमनीत जाळी बसवली होती. रक्तस्राव नाही, ईसीजी उत्तम. अशा रुग्णाला संध्याकाळी घरी पाठवायचं, हा या हृदयकेंद्राचा शिरस्ता होता आणि तो विभागप्रमुख श्रीरंगांनीच पाडला होता.

"जाळीत काही गडबड?"

"जाळी छान आहे. हाक-अंतरात नापास झालेत."

हा शब्दही श्रीरंगांचाच. घरी गेलेल्या रुग्णाला धोका क्वचितच होतो, पण झाला तर हातात वेळ थोडा असतो. दुखू लागल्यापासून माणूस कोणाला तरी हाक मारेपर्यंत जो वेळ वाया जातो, ते हाक-अंतर. ते मोजायला त्यांनी कळपट्टा बनवला. दंडावर बांधलेला पट्टा आवळत जातो आणि विचारतो, "त्रास होतोय? अमक्यांना बोलावू?" अमके म्हणजे घरी सोबत करणारी व्यक्ती. पट्ट्यावरचं 'हो'चं बटण लवकर दाबेल तो घरी जातो, 'नको' दाबून सोसत बसेल त्याचा मुक्काम इथेच. आपली माणसं दुखणं अंगावर काढण्यात पटाईत, म्हणून ही युक्ती.

"सोबतीला माझं नाव घातलंत ना? हृदयतज्ज्ञ आहे मी!"

"घातलं. पट्टा शेवटपर्यंत आवळला, तरी त्यांनी 'नको'च दाबलं."

"मी कामात असतो म्हणून संकोचले असतील. शेजारच्या कुंदाताईंचं घाला. दोघं रोज एकत्र चहा घेतात."

"तेही करून पाहिलं. पुन्हा नको." रेहाना जरा घुटमळल्या. "सर, संकोच माणूस पाहून कमीजास्त होतो. इथे काहीच फरक पडला नाही. मला वाटतं, ते ठरवून सोसताहेत."

श्रीरंग तडक वडिलांच्या खोलीत गेले. रेहाना मागोमाग होत्या.

"बाबा, दंडाला कळ लागली नाही का?"

"लागली की! हा बघ, काळानिळा झालाय."

"मग हो का नाही म्हणालात?"

भालचंद्ररावांनी पांघरूण सारखं केलं. "टीव्हीवरची तुझी मुलाखत मी तीनदा बघितली. कळ सोसली की ठेवून घेतात, असं तूच म्हणालास. घरी मी एकटा. तुझा आपला मेसेज येणार, 'औषध घेतलंत ना?' इथे राहिलो तर सकाळी राउंडला तरी येशील."

रेहाना खिडकीबाहेर बघू लागल्या. श्रीरंगांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या शहराच्या हाकांची मोजमापं काढत बसलेल्या या माणसाला वडिलांकडे शेवटचं कधी गेलो होतो, ते आठवेना.

"चला घरी," ते कसेबसे म्हणाले. "मी राहतो तुमच्याजवळ. रेहाना, माझं नाव घालून परत चाचणी घ्या. दुसऱ्या दंडावर बांधा."

पट्टा आवळू लागला. "त्रास होतोय? श्रीरंगांना बोलावू?"

श्रीरंग पलंगाला टेकूनच उभे होते. भालचंद्ररावांचं बोट 'हो'वर गेलं आणि तिथेच थांबलं.

"आज राहशील रे. उद्या?"

श्रीरंगांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांचा हात सवयीनं खिशात गेला.

भालचंद्ररावांनी 'नको' दाबलं.

पट्ट्याचं काहीच चुकलं नव्हतं. घरी सोडणं असुरक्षित, या शेऱ्याखाली विभागप्रमुखांची सही लागते. ती करताना श्रीरंगांना वडिलांकडे बघवलं नाही.