उजव्या बाजूची सीट

"कुणाला गाडीत घेतलंस ना पोरी, तर तो बसायच्या आधीच विचार, कुठं उतरायचं म्हणून," दोना ओतिलिया म्हणाली होती. "बसल्यावर विचारून उपयोग नाही. माझ्या माणसानं एकदा विचारलं नाही."

जुसारा तेव्हा पोटुशी होती. उन्हानं तिचं डोकं दुखत होतं आणि म्हातारीच्या अंगणात तिचा नवरा जेनिल्सन विकायला काढलेल्या जुन्या फुस्का मोटारीखाली पाठीवर सरपटत शिरला होता. तिनं नुसती मान हलवली आणि पेल्यातला काजूचा रस संपवला. लिफ्ट देताना कुठवर जायचं हे सगळेच विचारतात. त्या किनाऱ्यावर बस येते ती नावाला. रस्त्यात हात केलेल्याला गाडीत घेण्याला तिथं कुणी उपकार म्हणत नाही. त्यात सावध करण्यासारखं काय होतं?

ओतिलियाचा नवरा, सेउ वालफ्रीदो, जाऊन बराच काळ लोटला होता. गेला म्हणजे, मिठागरांच्या पलीकडे रस्ता संपतो तिथं ही फुस्का इंजिन चालूच असलेली सापडली, आणि तो सापडला नाही. बुडाला असेल, असं गाव म्हणायचं. जुसारानं नाताल शहरातल्या कॉलेजात जीवशास्त्राची पदवी घेतली होती. म्हातारीचं दुःख बोलतंय, असं तिनं ठरवलं आणि विषय सोडून दिला.

जेनिल्सनला फुस्का नकोच होती, तिचं खालचं अंग हवं होतं. कासवाच्या पाठीचं ते वरचं टरफल त्यानं उतरवून भंगारात घातलं, तळाचा पत्रा मधोमध हातभर कापून पुन्हा वेल्डिंगनं जोडला आणि त्यावर फायबरची पिवळी, बिनदाराची काया बसवली. झाली बगी. तिकडे दर चार घरांमागे एक जण अशी गाडी अंगणात बांधतो, आणि बांधणारा प्रत्येक जण एक चुकारपणा करतोच: गाडी आखूड होते, पण जुन्या वायरी लांबच्या लांब राहतात. चांगली तांब्याची वायर कापायचं जिवावर येतं. जेनिल्सननं उरलेल्या वायरींची घडी केली, टेप गुंडाळली, ती उजव्या सीटखाली कोंबली आणि वर सीट बोल्टांनी आवळून टाकली.

माइते जन्मली ती पावसाळा संपताना. पहिल्या सर्दीतच तिची छाती वाजायला लागली. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची, ओठांच्या कडा निळसर व्हायच्या. गावात डॉक्टर नाही. दवाखाना आरेया ब्रांकाला, मिठाच्या पांढऱ्या डोंगरांच्या कडेकडेनं लांबलचक रस्ता. "वेळ आली तर तासाभरात आणायचं, जास्त वेळ लावायचा नाही," तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं. तेव्हापासून जुसाराचा एक कान पाळण्यात आणि दुसरा अंगणातल्या इंजिनात असे.

गाडी दिसायला देखणी झाली, पण मध्येच बंद पडायची. चालू व्हायची झकास. गावाबाहेर वाळूचा रस्ता डांबरी रस्त्याला मिळतो तिथं बसथांब्याची एक सिमेंटची शेड आहे. तिथवर जायची आणि दिवा विझावा तशी विझायची. जेनिल्सननं कार्बोरेटर उघडून वाळू फुंकून काढली. पॉइंट घासले. कंडेन्सर बदलला. कॉइल उन्हानं तापते म्हणून तिच्यावर ओलं फडकं गुंडाळलं. पुन्हा शेडपाशी बंद.

"तिथं खड्डा आहे," तो म्हणायचा. "गचका बसतो, काहीतरी हलतं."

"मी बरोबर असते तेव्हा तोच खड्डा असतो ना?" जुसारा म्हणाली.

त्यानं पाना खाली ठेवला. खरंच होतं. ती शेजारी बसली की गाडी थेट दवाखान्यापर्यंत जाऊन यायची. शेजारचा कोळी बसला तरी जायची. जेनिल्सन एकटा निघाला की शेडपाशी राम म्हणायची.

"म्हणजे मीच आवडत नाही होय हिला," तो म्हणाला. "बापाच्या घरची गाडी असल्यासारखा रुबाब करते."

"सीट दाबली जाते म्हणून असेल. वजनानं काहीतरी टेकत असेल."

ते त्याला पटलं. त्यानं कसावा कंदाच्या पिठाचं भरलेलं पोतं उजव्या सीटवर चढवलं, पट्ट्यानं बांधलं आणि निघाला. थोड्या वेळानं पोतं खांद्यावर घेऊन, घामानं न्हालेला, पायी परत आला.

"पोतं माझ्यापेक्षा जड आहे," जुसारा म्हणाली.

"पोतं पाय रोवून बसत नाही. माणूस बसला की पाठ रेटतो, सीट मागं सरकते." त्यानं पिठानं पांढरा झालेला गळा पुसला. "सणानंतर सीट खोलतो. तोवर एकटीनं नेऊ नकोस."

सण खलाशांच्या माउलीचा. त्या दिवशी मूर्ती होडीत बसवून समुद्रात नेतात आणि अख्खं गाव मागून होड्या घालतं. चालता येणारं कुणीच घरी राहत नाही. माइतेला खोकला होता म्हणून जुसारा राहिली. जेनिल्सन काकाच्या होडीवर सुकाणूला होता.

दुपारी दूरवर फटाके वाजत होते. तिनं मुलीच्या कपाळाला हात लावला आणि तिला कळलं. बरगड्या आत ओढल्या जात होत्या. नाकपुड्या फुलत होत्या. रडायलासुद्धा श्वास पुरत नव्हता.

फोनला रेंज नव्हती. तिनं शेजारचं दार वाजवलं, त्याच्या पलीकडचं वाजवलं. कोंबड्या तेवढ्या पळाल्या. चादरीनं तिनं माइतेला छातीशी घट्ट बांधलं आणि गाडीत बसली. शेडपर्यंत तरी जाईल, डांबरी रस्त्यावर कुणीतरी भेटेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शेडपाशी गाडी विझली.

रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. शेडमध्ये सिमेंटचा बाक, त्यावर वाळूचा थर. किल्ली फिरवली. नुसती टकटक. पुन्हा फिरवली. छातीवर ते एवढंसं अंग शिट्टीसारखं वाजत होतं, आणि दोन शिट्ट्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं.

का कोण जाणे, तिनं त्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं.

"बसा," ती म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "बसा ना. लवकर बसा."

उजव्या सीटचं रेक्झिन करकरलं. गाडी किंचित त्या बाजूला खचली.

तिनं वळून पाहिलं नाही.

किल्ली फिरवली. इंजिन लागलं.

त्या रस्त्यावर वारा नेहमी उजवीकडून, समुद्राकडून येतो. बगीला दारं नाहीत. वाळू गालावर सुयांसारखी टोचते, मूल नेताना त्या अंगाला टॉवेल धरावा लागतो. त्या दिवशी टॉवेल घरीच राहिला होता. मिठाचे डोंगर एकेक करून मागे पडत होते, ताडांची पानं वाऱ्यानं उलटीपालटी होत होती, तिचे उडणारे केस फक्त डाव्या बाजूनं विस्कटत होते.

माइतेच्या चेहऱ्यावर वाळूचा एक कणही आला नाही.

दवाखान्याच्या दारात गाडी तशीच सोडून जुसारा आत धावली. मास्क लावला, वाफ सुरू झाली. बरगड्या हळूहळू शांत झाल्या, ओठ गुलाबी झाले, आणि माइतेनं असा काही टाहो फोडला की डॉक्टरीण बाई हसल्या. "रडू दे गं. हेच ऐकायचं होतं आपल्याला." जुसारा तिथंच जमिनीवर बसली. हसू आवरत नव्हतं. संध्याकाळी जेनिल्सन धापा टाकत आला, सणाचा पांढरा सदरा माशांच्या खवल्यांनी भरलेला. लेकीला झोपलेली पाहून तो भिंतीला टेकून खाली बसला.

त्याला पाणी देताना तिला आठवलं. कुठं उतरायचं, ते तिनं विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी रुग्णवाहिकेतून घरी आल्या. बगी जेनिल्सननं एकट्यानं आणली. शेड ओलांडून, न थांबता.

"बघ," अंगणात उतरत तो म्हणाला, "शेवटी मीपण आवडलो हिला."

"सीट खोल."

"आता कशाला? चालतेय की."

"खोल म्हणते ना."

त्यानं बोल्ट काढले, सीट उचलली, टेप सोडली. वायरीच्या घडीत, इंजिनकडे जाणारी तार दुमडल्या जागी तुटलेली होती. दोन्ही टोकांमध्ये चार बोटांचं अंतर होतं. टोकांवर हिरवा गंज चढलेला, जुना, खरवडला तर पावडर व्हावी असा.

"हं," जेनिल्सन सुटल्यासारखा म्हणाला. "सापडलं एकदाचं."

"मी नेली तेव्हा ही अशीच होती?"

"नंतर तुटली असेल."

"आणि तू आणलीस तेव्हा?"

त्यानं गंजावरून अंगठा फिरवला. मग अंगठा पँटला पुसला आणि नवी वायर सोलायला घेतली.

संध्याकाळी माइतेला कडेवर घेऊन जुसारा बगीपाशी गेली. मूल शांत श्वास घेत होतं. त्या श्वासासाठी तिला कुणाचेही पाय धरायला लाज वाटली नसती. "तुमचे उपकार झाले," ती सीटकडे पाहून म्हणाली. "कुठं उतरायचं होतं तुम्हाला?" अंगणात वाऱ्यानं चिंचेची पानं उडत होती. बगीत सगळीकडे पडत होती. उजव्या सीटवर एकही नव्हतं.

ओतिलियानं सांगितलंच होतं, बसल्यावर विचारून उपयोग नाही.

त्यांनी बगी विकली. आरेया ब्रांकाला, दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत, दोन खोल्या घेतल्या. आता जुसारा झोपते. पाळण्यातला आवाज बदलला तर चालत जाता येतं, आणि असं चालत जाण्याची वेळ पुन्हा आलेली नाही. ओझं उतरल्यासारखं वाटतं तिला, खरंच वाटतं.

बगी क्लेब्सननं नेली. पर्यटकांना वाळूच्या टेकड्यांवरून फिरवतो, तोंडानं सतत शीळ घालतो, असा हसरा माणूस. त्याला तिनं सगळं सांगितलं होतं. "ताई, माझ्या शेजारी फुकट बसणारा एकच भेटला होता," तो म्हणाला, "त्याच्याच मुलीशी लग्न केलं मी." आणि हात हलवत निघून गेला. तीही कधीकाळी अशीच मान हलवून मोकळी झाली होती.

मग एकदा त्याचा निरोप आला, जेनिल्सनसाठी. इंजिन झक्क आहे, कुठं म्हणून बंद पडत नाही. फक्त उजवीकडे झुकते. स्प्रिंग बदलून पाहिली, तरी झुकते; आणि मी एकटा असलो की जास्त. हल्ली तर स्टिअरिंग आपोआप मिठागरांच्या रस्त्याला ओढ घेतं, पुढची चाकं एका रेषेत नसावीत. काय करू, सांग.

जेनिल्सननं लगेच फोन लावला. जुसारा अजूनही लावते. वाजत राहतो.

त्या किनाऱ्याकडे जाणारा कुणीही भेटला की ती एवढंच सांगते, आणि तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही तिचं हेच सांगणं आहे: मिठागरांच्या पलीकडे, रस्ता संपतो तिथवर, जरा जाऊन या. पिवळी बगी आहे. क्लेब्सन तिच्यात आहे का, तेवढं बघा.