बटाटा सोडलेला वाटाड्या

"आंधळा आहेस का रे?" मैदानावर मला धडकलेल्या माणसावर मी खेकसले.

"नाही... तुम्ही?"

"मी आहे!"

तो इतका ओशाळला, की मला हसूच फुटलं. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांच्या मागे लागून तो माझा वाटाड्या झाला. दोघांच्या मनगटांना एकच दोरी बांधून आम्ही लांब पल्ल्याचं पळू लागलो.

पळण्याआधी तो माझ्या अगदी हात धुऊन मागे लागायचा. "बटाटा खा. पाव खा. अंगात साखर साठली नाही, तर शेवटी पाय दगा देतील."

"आणि तू?"

"मी? मी पोटभर खाल्लंय."

साफ खोटं. माझा वेग वाढला होता आणि मागे पडायच्या धास्तीने, वजन उतरवायला, त्याने पाव-बटाटा पार सोडला होता. त्याच्या श्वासाला, उपाशी माणसाच्या श्वासाला येतो तसा, नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास यायचा. मी विचारायला हवं होतं. पण मी तर त्या श्वासाजवळ राहायची निमित्तं शोधत होते...

मोठ्या शर्यतीच्या निवड चाचणीत, शेवटच्या टप्प्यात दोरीला हिसका बसला. तो कोसळला होता.

"संपलं गं सगळं..." त्याची जीभ जड झाली होती. "बदली वाटाड्या इथेच उभा आहे. जा तू."

"तुला असं टाकून?"

"डॉक्टर आलेत. वर्षभर कशासाठी राबलीस? जा म्हणतो ना!"

मी दोरी दुसऱ्याच्या हाती दिली. रडत, चिडत पळाले.

निवड झाली. मोठ्या शर्यतीला माझ्यासोबत तो दुसरा वाटाड्याच येईल, असं प्रशिक्षकांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

उपचारांच्या तंबूत त्याला सलाईन लावलं होतं.

"झाली निवड?"

"झाली. माझं प्रेम आहे तुझ्यावर... आणि तरी मी गेले."

"थांबली असतीस, तर तोंड पाहिलं नसतं तुझं." मग हळूच म्हणाला, "माझंही आहे. म्हणून तर उपाशी मेलो, मूर्खासारखा."

मी पावाचा तुकडा पुढे केला. तो आधी त्याच्या नाकालाच लागला.

"तोंड खाली आहे," तो म्हणाला. आम्ही हसलो, तो चावू लागला.

"मोठ्या शर्यतीला तू नसशील," मी सांगितलं.

त्याचं चावणं थांबलं.

"उजव्या वळणाला तू बिचकतेस," तो म्हणाला. "त्याला सांगून ठेव... दोन पावलं आधी बोलायचं." आणि त्याला रडू फुटलं.